चिमूटभर

आमच्या घरात ॲल्युमिनियमचा एक जुना चमचा आहे, दांड्याला लाल दोरा बांधलेला. तो स्वयंपाकघरात आणायचा नाही, परसातल्या कोनाड्यात खताच्या डब्यातच ठेवायचा, हा नियम आईनं 2017 साली घातला. त्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. खत म्हणजे काही कीटकनाशक नव्हे, हे तिलाही ठाऊक. तरी ती म्हणाली, "शेतातली वस्तू चुलीपाशी नको वं." आणि तिनंच दोरा बांधला.

तो चमचा एका झाडासाठी आहे. आमच्या घाटंजीत मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, वाघाडी नदीचं पात्र पांढरं पडतं, मोगरासुद्धा माना टाकतो. त्या उन्हात आमच्या अंगणातलं अडेनियम गुलाबी फुलांनी भरलेलं असतं. बुंधा फुगलेला, हातात धरला तर दुधी भोपळ्यासारखा गच्च लागतो. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'ओबेसम' या शब्दाचा अर्थच लठ्ठ. पण हा लठ्ठपणा चरबीचा नाही. पावसाचं मिळालं तेवढं पाणी त्यानं पोटात धरून ठेवलेलं असतं.

मूळचं ते अरबस्तानातलं आणि आफ्रिकेतलं. एका मोहिमेवर येमेनमधल्या झाडांची टिपणं करताना पीटर फोर्स्कल या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं याची नोंद केली आणि 1763 साली तिथंच हिवतापानं तो गेला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर पुढं जहाजानं मुंबईला पोचला, घारापुरीच्या लेण्यांची मापं आणि चित्रं काढत राहिला. एकेक करून मोहिमेतले सगळे सहकारी गेले, एकटा नीबूर घरी परतला. मित्राचे कागद त्यानं जपले आणि 1775 मध्ये ते छापून आणले. आपल्या झाडाचं नाव त्या पुस्तकातून आलेलं आहे, हे कळल्यापासून मला नीबूरबद्दल फार माया वाटते. दुसऱ्याचं काम न मागता पुरं करणारी माणसं थोडी असतात.

खताशी माझी ओळख मात्र झाडांच्या कुंड्यांतून झाली नाही, पऱ्हाटीतून झाली. आमचं सात एकर कोरडवाहू. पऱ्हाटी गुडघ्याला लागली की एखादा चांगला पाऊस पडून वाफसा येण्याची वाट पाहायची आणि मग बाया-पोरं तासातासानं खत द्यायला निघायची. माझ्या कमरेला खताची ओटी बांधलेली असे. आई पुढच्या तासात. तिची तीन बोटं ओटीत जायची आणि दर झाडाच्या बुडापासून चार बोटं दूर तेवढंच खत पडायचं, न मोजता. मी मूठ भरून टाकायची, कारण लवकर ओटी रिकामी झाली की धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसता येई. एकदा तिनं मागं वळून पाहिलं. माझ्या तासातलं पांढरं खत खाली वाकून उचललं आणि पुन्हा माझ्या ओटीत टाकलं. "ओल नसन तं मुळ्या जयते पोरी. अन् ओल असन तरी एवढं कोणी खाते काय?"

मुळ्या का जळतात, हे पुढं विज्ञान शिकवायला लागल्यावर नीट कळलं. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं ना, तसंच. मातीत क्षार फार झाले की मुळं पाणी ओढत नाहीत, उलट मुळांतलंच पाणी बाहेर येतं. वर्गात मी हे दरवर्षी लोणच्याच्या बरणीवरूनच शिकवलं. मुलींना ते चटकन कळायचं.

कळणं वेगळं आणि हाताला उमजणं वेगळं. 1996 साली यवतमाळला नोकरीत होते तेव्हा रोपवाटिकेतून पहिलं अडेनियम आणलं. कुंडीत हौसेनं आमच्या शेतातली काळी माती भरली. कापसाला जिच्याइतकी दुसरी नाही, ती माती. पण ती पाणी सोडत नाही, आणि या झाडाला पाय ओले राहिलेले खपत नाहीत. त्यावर मी युरिया घातला, तोही मुठीनं. युरियात 46 टक्के नत्र असतं, पान वाढवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, एवढंच डोक्यात होतं. पंधरा दिवसांत झाड हिरवंगार झालं, फांद्या लांबट, लुसलुशीत. मी खूश. श्रावणात एके सकाळी ते एका अंगावर कललेलं दिसलं. आई तेव्हा आली होती. तिनं बुंध्यावर अंगठा दाबला, तो आत गेला. वास सुटला होता. आई म्हणाली, "हे उपाशी नव्हतं. पोट फुगून मेलं हे."

दुसरं आणलं ते त्याच महिन्यात. या वेळी मी ठरवलं, याला काहीच द्यायचं नाही. रेती, मुरूम, विटांचा चुरा, त्यात मूठभर शेणखत, बस्स. आणि खरंच ते जगलं. आठवडा-आठवडा विसरले तरी जगलं. लग्न, मुलं, शाळेच्या परीक्षा, मतमोजणीची ड्युटी, या सगळ्यात ते गॅलरीच्या कोपऱ्यात उभं होतं. कोणी विचारलं तर मी कौतुकानं सांगायची, याला काही लागत नाही. कित्येक वर्षं मी तसं सांगत होते. फुलं वर्षाला दोन-चार येत, पानं बारकी आणि पिवळट. ते मला दिसत नव्हतं असं नाही. जगतंय ना, एवढ्यावर मी समाधानी होते.

2006 मध्ये बाबा गेले. आई घाटंजी सोडायला तयार नव्हती. रोज संध्याकाळी फोनवर मी विचारायची, काही आणू का? "मले काय लागते? भाकर हाय, चटणी हाय." महिन्यातून एकदा मी यायची, तेव्हा ती माझ्यासाठी वडाभात करायची. मला वाटायचं, ती रोजच असं जेवते. 2012 च्या उन्हाळ्यात ती अंगणात चक्कर येऊन पडली. रक्तात हिमोग्लोबिन सात होतं. त्या रात्री मी तिच्या मांडणीवरचे डबे उघडून पाहिले. ज्वारीचं पीठ, तिखट, मीठ. तुरीच्या डाळीचा डबा रिकामा होता. तुरी आमच्या शेतातल्याच. पैशाची अडचण नव्हती. एकट्या जिवासाठी वरण कशाला शिजवायचं, एवढंच.

तो रिकामा डबा हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. याला काही लागत नाही, हे वाक्य मी गॅलरीतल्या झाडाबद्दल म्हणत आले होते.

मग मी काय केलं? तेच, मुठीनं. बदाम, खारीक, टॉनिकच्या बाटल्या, रोज दोन वेळा दूध, दोन अंडी. आठ दिवसांत आईचं पोट बिघडलं, अन्नावरची तिची वासनाच उडाली. डॉक्टरांनी मला समजावलं ते अगदी आईच्याच भाषेत. रोज एक लोहाची गोळी, वर लिंबाचं पाणी, वाटीत दोन चमचे वरण जास्त, महिन्याभरानं तपासू. हिमोग्लोबिन अकरावर यायला पाच महिने लागले.

2014 ला मी बदली मागून घाटंजीला आले. एसटीत कुंडी मांडीवर घेऊन बसले होते. आता त्याला खत देण्याची आमची रीत ठरलेली आहे. फेब्रुवारी सरता नवी पालवी फुटली की सुरू आणि दिवाळीला बंद, कारण थंडीत ते पानं गाळून झोपतं आणि झोपलेल्याला जेवू घालायचं नसतं. आदल्या दिवशी नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी लिटरभर पाण्यात 19:19:19 खताचा पाव चमचा, म्हणजे साधारण एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. कळ्या दिसू लागल्या की नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं खत, मापही तेवढंच. मातीवर पांढरी खार दिसली तर खत थांबवून साध्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची. पावसाळ्यात ती ओसरीखाली घ्यायची. दोन वर्षांनी कुंडी बदलताना बुंधा दोन बोटं वर उचलायचा. पहिल्याच हंगामात एकशे दहा फुलं मोजली. आईनं नाही, मीच. तिला मोजायला आवडत नाही.

मी पाव चमचा घेते तेव्हा ती बाजेवरून पाहत असते. चमचा काठोकाठ भरला की "हूं" म्हणते. मी बोटानं निपटून घेते.

यंदा झाडाला शेंगा धरल्या, दोन, एकमेकींना पाठ लावून शिंगांसारख्या. क्वचितच धरतात. गेल्या आठवड्यात एक तडकली आणि अंगणभर रेशमी म्हाताऱ्या उडाल्या, दर बीच्या दोन्ही टोकांना कापसाचा झुबका. आईनं हात पुढं करून एक धरली, मग दुसरी. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी झुबका अलगद ओढून बी वेगळी केली, सरकी काढावी तशी, आणि पदराच्या टोकावर ठेवली. दुपारपर्यंत पदरावर सव्वीस बिया जमल्या. जेवायला वाढलं तेव्हा तिनं वाटी पुढं सरकवली.

"वरण घाल वं अजून," म्हणाली, "चिमूटभर तूपही टाक."