बेकनला लागणारी थंडी

22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला. उपनगरांच्या नोंदींमधला हा नीचांक. त्या रात्री अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत ट्रंकांतल्या गोधड्या बाहेर निघाल्या असतील, पण डुकराची अख्खी मांडी मिठात मुरवायला एवढी थंडीही पुरत नाही. मांडी असते दहा-बारा किलोंची आणि मधोमध हाड. मीठ बाहेरून आत जातं, तेही सावकाश, आणि नासणं सुरू होतं ते हाडालगत. मांस 4 अंशांच्या आसपास राहिलं तर मीठ वेळेवर हाडापर्यंत पोचतं. नाहीतर वरून घट्ट, देखणी दिसणारी मांडी आत सडलेली निघते. इटलीतल्या पार्मात वर्षाहून अधिक काळ टांगलेल्या मांडीत तपासनीस घोड्याच्या हाडाची बारीक सुई पाच ठरावीक जागी खुपसतो आणि दर वेळी ती नाकाशी धरतो. वास घेतो तो मांस मुरल्याचा, आणि शोधतो तो हाडाजवळच्या कुजण्याचा. पूर्वी युरोपात गावोगाव डुकरं मारली जात ती नोव्हेंबरपासून पुढे, याचं कारण हेच. या कामाला सणाची तारीख नंतर चिकटली. आधी हवा थंड व्हायची वाट पाहावी लागे.

देशोदेशीचं खारवलेलं डुकराचं मांस निराळं का, असं विचारलं की उत्तर येतं चवीचं. इंग्रजाला पाठीचं मांस आवडतं, अमेरिकनाला पोटाचं चरबीच्या पट्ट्यांचं, इटालियनाला गालाचं. ज्याची त्याची आवड. हे उत्तर सोयीचं आहे, पण मला ते उलटं वाटतं. हवामान आधी सांगतं की काय करता येणार नाही. उरलेल्यातून काय करायचं ते बाजार आणि सरकार ठरवतं. चव सगळ्यात शेवटी येते आणि श्रेय मात्र सगळं घेऊन जाते.

इंग्लंडचंच बघा. विल्टशायरमधलं काल्न हे गाव लंडन-ब्रिस्टल रस्त्यावरचं. आयर्लंडहून बोटीने आलेली डुकरं ब्रिस्टलला उतरत आणि पायी लंडनकडे हाकली जात. वाटेत काल्नच्या हॅरिस कुटुंबाचा खाटकाचा धंदा होता. बटाट्याच्या दुष्काळाने आयर्लंडहून येणारी डुकरं आटली, तेव्हा घरातला जॉर्ज हॅरिस 1847 मध्ये अमेरिकेला गेला. तिथे बर्फाच्या साठ्यात मांस राखतात हे त्याने पाहिलं. पुढच्या काळात काल्नला बर्फघर उभं राहिलं आणि 1864 मध्ये त्याचं पेटंटही घेतलं गेलं. उन्हाळ्यातही काम चालू राहिल्यामुळे मीठ कमी घालून भागू लागलं. ज्या सौम्य, ओलसर बेकनला आज इंग्रजी चव म्हणतात, ती अशी बर्फातून निघालेली आहे. डेन्मार्कची गोष्ट तर याहून बोलकी. 1887 मध्ये जर्मनीने डॅनिश जिवंत डुकरांना बंदी घातली. त्याच वर्षी हॉर्सेन्सला शेतकऱ्यांचा पहिला सहकारी कत्तलखाना निघाला आणि डेन्मार्कने आपला माल जर्मनीऐवजी इंग्रजांच्या न्याहारीकडे वळवला. इंग्रज गिऱ्हाइकाला लांब पाठीचं, कमी चरबीचं डुक्कर हवं, तर तशी जात पैदास करून काढली. एका देशाच्या जकात नाक्यावर निर्णय झाला आणि दुसऱ्या देशात जनावराची पाठ लांबली! अमेरिकेत 1920 च्या दशकात बीच-नट कंपनीच्या बेकनचा खप वाढवायला एडवर्ड बर्नेझ या प्रसिद्धीतज्ज्ञाने डॉक्टरांकडून भरपेट न्याहारीची शिफारस मिळवून ती छापून आणली. अंडी-बेकनची ‘परंपरागत’ अमेरिकन न्याहारी रुजवण्यात त्या छापील कागदांचा हात मोठा.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. जुलैत मुंबईची हवा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास दमट, आणि जानेवारीतही दुपारी पंखा लावावा लागतो. इथे मांडी टांगणं म्हणजे माश्यांना आमंत्रण. मग कोकणपट्टीने वेगळी वाट काढली. मीठ हाडापर्यंत पोचत नसेल तर हाडच काढून टाकायचं, मांसाचे बोटभर तुकडे करायचे आणि मिठाच्या मदतीला आंबट, तिखट, ऊन आणि धूर असे चार गडी आणायचे. गोव्याचं चोरिस नेमकं हेच आहे. मांस-चरबीचे तुकडे मीठ लावून वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी निथळू देतात. मग माडीच्या व्हिनेगरात वाटलेली लाल मिरची, लसूण, आलं आणि मसाला त्यात मुरवतात, आतड्यात ठासून भरतात, दोऱ्याने जागोजाग आवळून माळ करतात आणि उन्हात, धुरात वाळवतात. जपमाळेसारखे छोटे मणी हे देखणेपणासाठी केलेले नाहीत. मणी जितका लहान तितका तो लवकर वाळतो. पार्माची मांडी आणि गोव्याचा मणी यांच्या आकारातला फरक म्हणजे तापमापकातला फरक, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. चोरिस पोर्तुगीजांनी आणलं, मग त्यात कोकणच्या हवेचं काय? पोर्तुगालमध्ये शोरिसू आहेच, वाइन आणि लाल मिरचीपूड घालून धुरावलेलं. मान्य. पण पोर्तुगालमध्ये आणखी एक गोष्ट आहे: प्रेझुंटू, म्हणजे डोंगराळ भागात थंडीत खारवून महिनोन्महिने टांगलेली मांडी. तीही पोर्तुगीजांना तितकीच प्रिय. वसईचा मुलूख 1534 ते 1739 असा दोनशे वर्षं त्यांच्याकडे होता, गोवा तर 1961 पर्यंत. एवढ्या काळात सॉसेज रुजलं, मांडी टांगायची रीत रुजली नाही. जो शिकवणारा होता त्याने दोन्ही धडे आणले होते; हवेने एकच गिरवू दिला. आणि जो गिरवला तोही बदलून. मदेरा बेटावर नाताळात मांस वाइन-लसणात मुरवून शिजवतात, तेच इथे माडीच्या व्हिनेगरात बुडालं आणि विंदालू झालं. साष्टीतल्या ईस्ट इंडियन घरांत, म्हणजे मरोळ, आंबोली, गुंदवली, गोराई, मनोरी इथल्या गावठाणांतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत, हाच पदार्थ इंदियाल म्हणून लग्नाच्या पंगतीला असतो. त्याच्या जोडीचं सोरपोतेल पहिल्या दिवशी कुणी फारसं वाखाणत नाही. दोन-तीन दिवस गरम करत ठेवलं की व्हिनेगर मुरतं आणि मग फुगे नावाच्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांबरोबर ते पानात येतं. फ्रीज नसलेल्या लग्नघरात चार दिवस पाहुणे जेवू घालायचे तर असाच पदार्थ हवा.

दुसरा आक्षेप नागालँडचा. तिथेही पाऊस धो-धो, हवा दमट, तरी तिथे व्हिनेगर न घालता डुकराचं मांस टिकतं. टिकतं ते चुलीवर. मांसाच्या पट्ट्या चुलीच्या वरच्या फळीवर आठवडेच्या आठवडे असतात आणि खाली विस्तव धुमसत राहतो. डोंगरातल्या घरात बारा महिने शेकोटी लागते, म्हणून धूर फुकट मिळतो. अंधेरीत बारा महिने शेकोटी पेटवणारा माणूस वेडा ठरेल. तेव्हा आक्षेपाने माझं म्हणणं मोडत नाही, थोडं नेमकं होतं: हवामान एकच उत्तर देत नाही, पण कुठली उत्तरं परवडणार नाहीत ते सांगतं.

मराठी वाचकांपैकी बरेचजण इथवर नाक मुरडत आले असतील. डुक्कर आपल्यात चालत नाही, मग त्याच्या मिठाची एवढी चिकित्सा कशाला? धर्माने निषिद्ध मानणाऱ्यांशी वाद नाही. पण ही विद्या आपल्याला परकी मुळीच नाही. गोराई, मढ, वेसावे इथे बांबूंच्या वलांडींवर बोंबील जोडी-जोडीने एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगतात ते ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत. पाऊस आला की वलांडी रिकामी. खारा बांगडा, सोडे, जवळा यांची बेगमी मे महिन्यात होते. गोव्यात याच दिवसांत पुरुमेंताचं फेस्त भरतं, आणि तिथे सुकी मासळी, आमसुलं, कांद्याच्या माळा आणि चोरिस शेजारी-शेजारी विकली जातात. पावसाळ्याच्या चार महिन्यांना घाबरलेल्या माणसांचा तो बाजार आहे. त्यात मासळीची टोपली आणि चोरिसची माळ यांच्यात धर्म आड येईल, हिशेब येत नाही.

मग उपनगरात बेकन आलं कसं? गोऱ्या साहेबाच्या ताटातून, असा समज आहे. साहेबाचा वाटा आहेच. त्याच्या जहाजांवर खारवलेल्या मांसाची पिंपं असत, पण ती भरलेली असत आयर्लंडातल्या कॉर्कसारख्या थंड बंदरात. या मातीत बेकन बनवायचा उद्योग पसरवला तो स्वतंत्र भारताच्या नियोजनाने. पंचवार्षिक योजनांच्या सुरुवातीच्या काळात वराहपालनाचा कार्यक्रम निघाला आणि देशात मोजके सरकारी बेकन कारखाने झाले: अलीगढ, बंगालमधलं हरिंगघाटा, आंध्रातलं गन्नवरम, रांची, केरळातलं कूत्ताट्टुकुळम, आणि त्यांच्याच पंक्तीत आपलं बोरिवली. गावातलं उकिरड्यावरचं डुक्कर इथे चालणारं नव्हतं; त्याच्यातल्या जंतांचं भय खरं होतं. म्हणून लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस अशा विलायती जाती आणून बांधीव गोठ्यात वाढवायच्या असा बेत होता. ज्या सरकारी मॅफको कंपनीच्या गोठवलेल्या मटारांची पाकिटं मध्यमवर्गीय घरांत पुलावासाठी येत, त्याच मॅफकोच्या नावाने हॅम, बेकन आणि सॉसेजही विकली जात. शाकाहारी शेजारणीच्या मटारांना आणि खालच्या मजल्यावरच्या बेकनला एकच थंडी पुरवणारं सरकार, ही मला आपल्या नियोजनाच्या इतिहासातली एक प्रेमळ विसंगती वाटते.

इथे युक्तिवादाला वळण मिळतं. बोरिवलीला हवा तीच होती, दमट नि उबदार. बदललं ते यंत्र. वेधशाळेच्या नोंदीत जी थंडी कधी आली नाही, ती विजेच्या तारेतून आली. आज बोरिवलीच्या आय.सी. कॉलनीत किंवा मालाडच्या ऑर्लेममध्ये ज्या दुकानांना लोक सरळ कोल्ड स्टोरेज म्हणतात, तिथे हे दोन्ही इतिहास हाताच्या अंतरावर दिसतात. चोरिसच्या माळा गल्ल्याच्या वर खिळ्याला लोंबतात, त्यांच्यावर पंख्याचं वारं. तेलकट लाल रंग दोऱ्याला लागलेला. बेकन काचेच्या दाराआड, उणे तापमानात, पाकिटावर दव. दिवे गेले की दुकानदाराची नजर जाते काचेकडे.

आणि म्हणूनच माझी बेकनबद्दल एक तक्रार आहे. फ्रीज आल्यावर मिठाचं मूळ काम संपलं. पूर्वी मीठ मांसातलं पाणी काढायचं. कारखान्यातलं स्वस्त बेकन आता सुयांनी खारं पाणी टोचून भरतात. असं बेकन तव्यावर टाकलं की आधी पांढरा फेस येतो, पट्टी आकसते, आणि कुरकुरीत होण्याआधी ती आपल्याच पाण्यात शिजते. गुलाबी रंग येतो नायट्राइटमुळे. ते टाकण्यामागे घातक जंतू रोखण्याचं कारणही आहे, हे कबूल करायला हवं. चोरिसला तेल लागत नाही. थोड्या पाण्यात उकळलं की मणी स्वतःच लाल चरबी सोडतात आणि त्यातच कांदा-बटाटा शिजतो.

मग चोरिस आरोग्याला बरं का? तसं म्हणायचा मोह होतो, पण पुरावा त्या बाजूने नाही. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं सगळंच मांस कर्करोगकारक गटात घातलं. रोज 50 ग्रॅम खाणाऱ्याचा आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो असा अंदाज तेव्हा दिला गेला. त्या व्याख्येत खारवलेलं, धुरावलेलं, आंबवलेलं असं सगळं येतं, आणि चोरिसच्या काही जुन्या कृतींत सोराही पडतो. परंपरा असली म्हणून आतड्याला सूट मिळत नाही. बेगमीचा पदार्थ बेगमीसारखाच, बेतानेच खायचा असतो. रोजच्या न्याहारीत आणला तो बाजाराने.

तेव्हा पुढच्या वेळी बेकन घ्याल तर पाकीट उलटून वाचा: मांस पाठीचं की पोटाचं, पाणी किती क्रमांकावर लिहिलंय, 250 हा नायट्राइटचा आकडा कुठे आहे. पाणी दुसऱ्या क्रमांकावर असेल तर ते पाकीट परत ठेवा. आणि चोरिस घ्यायचं असेल तर मे महिन्यात घ्या, पावसाआधी वाळलेलं.