सोळा दिवसांचा हिशेब

प्रवासवर्णनें पुष्कळांनीं लिहिलीं आहेत. परंतु प्रवासाच्या बेताविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः ज्याच्यापाशीं द्रव्य आणि सवड हीं दोन्हीं मोजकींच आहेत, त्याचा अर्धा प्रवास नकाशावरच होत असतो. येत्या दिवाळीच्या सुटींत नेपाळांतील अन्नपूर्णा पर्वताची परिक्रमा पायीं करावी, असें दादानें व मीं योजिलें आहे. त्या बेतानें आम्हांस जें शिकविलें, तें वाचकांस सांगावेंसें वाटतें.

पूर्वी या परिक्रमेस सुमारें तीन आठवडे लागत. आतां मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्यांत मनांगपर्यंत, आणि पलीकडे काली गंडकीच्या खोऱ्यांत मुक्तिनाथपर्यंत मोटारी जातात. या दोन खोऱ्यांच्या मध्यें थोरुंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड आहे. आपलीं तीन कळसूबाईचीं शिखरें एकावर एक रचलीं, तरी तीं तिच्याहून ठेंगणींच राहतील! ही खिंड मात्र पायींच ओलांडावी लागते.

आमची सुटी एकवीस दिवसांची. परंतु ताईनें भाऊबीजेस ओवाळल्याखेरीज घराबाहेर पडावयाचें नाहीं, ही आईची आज्ञा. तेव्हां उरले सोळा दिवस. रेल्वेनें गोरखपूर, तेथून सुनौलीची सीमा ओलांडून मोटारीनें पोखरा, यांत जातांना तीन व येतांना तीन दिवस जाणार. राहिले अवघे दहा!

दादाचा पहिला बेत मोठा आटोपशीर होता. जीपनें दोन दिवसांत मनांग गांठावें, चौथ्या दिवशीं खिंड ओलांडावी, आणि वांचलेले दिवस मुक्तिनाथ, कागबेनी व मार्फा येथील सफरचंदांच्या बागा पाहण्यांत घालवावे. आजीचें मतही त्यालाच अनुकूल होतें. आमच्या देवघरांतील शाळिग्राम काली गंडकीच्याच पात्रांतला. त्या नदीचें पाणी आणावें, एवढीच तिची इच्छा.

हा बेत आम्ही आमच्या परिचयाच्या डॉक्टरांस दाखविला. ते हंसून म्हणाले, "जीप तुम्हांस वर नेईल, पण तुमचें रक्त तितक्या लवकर वर पोंचणार नाहीं." खिंडीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. तेवढ्या विरळ हवेशीं जुळवून घेण्यास शरीरास दिवस द्यावे लागतात. ३,००० मीटरांच्या वर एका रात्रीहून दुसऱ्या रात्रीचा मुक्काम सुमारें ५०० मीटरांहून अधिक उंच नसावा, आणि तीन-चार दिवसांनीं एक दिवस विसांवा घ्यावा, असा नियम आहे. हा नियम मोडल्यास प्रथम डोकें दुखतें, मळमळतें. तरीही वर चढत राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूंत पाणी उतरून प्राणावर बेततें. बळकट तरुणांसही यांतून सूट नाहीं. उलट तेच अधिक घाई करितात.

आम्हीं नवा हिशेब मांडिला. खालचा प्रदेश जीपनें ओलांडून पांचव्या दिवशीं चामे (२,६७० मीटर). तेथून पुढें पायींच: सहाव्या दिवशीं वरचें पिसांग (३,३००), सातव्या दिवशीं मनांग (३,५४०), आठवा दिवस तेथेंच विसांवा, मग याक खर्क, थोरुंग फेदी, आणि अकराव्या दिवशीं पहांटे निघून खिंड. बाराव्या दिवशीं मुक्तिनाथाहून जीपनें पोखरा. अशा रीतीनें तेरावा दिवस शिल्लक राहतो.

हा दिवस कागबेनीस द्यावा, असें दादास वाटलें. परंतु २०१४ सालच्या ऑक्टोबरांत, हवा उत्तम असण्याच्या ऐन दिवसांत, हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषानें याच भागांत अकस्मात् बर्फ कोसळलें व चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं. म्हणून तो दिवस कोणाचाच नाहीं, तो आभाळाचा.

एक प्रश्न मात्र अवघड होता. फेदीस दोघांपैकीं एकाचें डोकें दुखूं लागलें व उतरूनही थांबलें नाहीं, तर? मागें फिरल्यास मुक्तिनाथ राहिलें, गंडकीचें पाणीही राहिलें. आणि दादाची नोकरी नवी, पुन्हां एवढी रजा केव्हां मिळेल कोण जाणे! दादा बराच वेळ नकाशाकडे पाहत बसला. मग त्यानें स्वतःच कागदाच्या तळाशीं लिहिलें: "एक फिरला, कीं दोघेही फिरावयाचें." आम्हीं दोघांनीं त्याखालीं सह्या केल्या. आजीस वाचून दाखविलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "नदी कुठें जात नाहीं, बाबांनो."

वेळ थोडा असला म्हणजे मनुष्य सर्वत्रच काटकसर करूं पाहतो. परंतु प्रवासांत कांहीं दिवस वाटेचे असतात, ते कमी करितां येतात; कांहीं दिवस शरीराचे असतात, त्यांस हात लावितां येत नाहीं. हे दोन वेगळे ओळखणें, यालाच मी बेत म्हणतों. तूर्त आम्ही रोज सायंकाळीं पाठीवर ओझें घेऊन गांवाबाहेरची टेंकडी चढत आहों, आणि तो कागद दादाच्या खिशांत आहे.