बाकीची नावं

‘डेस’ ही तीन भागांची ब्रिटिश मालिका मी एका रात्रीत पाहून संपवली. सकाळी बायकोनं विचारलं, कशी आहे? मी डेव्हिड टेनंटच्या कामाबद्दल बोलत सुटलो. त्याचा सपाट आवाज, चष्मा, सिगारेट, हजेरीपट वाचून दाखवावा तसा दिलेला कबुलीजबाब. माझं बोलून झाल्यावर तिनं सहज विचारलं, “आणि मेले ते कोण होते?” मला एकही नाव धड आठवेना.

डेनिस निल्सन हा लंडनमधल्या सरकारी रोजगार केंद्रातला कर्मचारी. त्याआधी सैन्यात स्वयंपाकी, मग काही काळ पोलिसात. १९८३च्या फेब्रुवारीत त्याच्या इमारतीचं ड्रेनेज तुंबलं आणि साफ करायला आलेल्या माणसाला आत मांसाचे तुकडे सापडले. ९ फेब्रुवारीला त्याला अटक झाली. पंधरा-सोळा जणांना मारल्याचं त्यानं लगेच सांगून टाकलं. मालिका इथून सुरू होते. एकही खून पडद्यावर दिसत नाही. खुनी कोण, हा प्रश्नच उरलेला नाही. तपास अधिकारी पीटर जे यांच्यापुढचा प्रश्न उलटा आहे: खुनी समोर बसलाय, पण मेले कोण?

केनेथ ओकेंडन हा कॅनडाहून फिरायला आलेला तरुण. १९७९च्या डिसेंबरात तो नाहीसा झाला तेव्हा वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, कारण घरी कुणीतरी वाट बघत होतं. बाकीचे बरेचसे बेकार, बेघर, एका शहरातून दुसऱ्या शहरात भटकणारे. पबमध्ये भेटलेला माणूस प्यायला देतो, रात्रीपुरता आसरा देतो म्हणून त्याच्या मागे गेलेले. स्टीफन सिंक्लेअरची ओळख पटली ती बोटांच्या ठशांवरून, कारण पोलिसांकडे त्याची नोंद होती. ४ नोव्हेंबर १९८३ला ओल्ड बेलीत ज्यूरीनं निल्सनला दोषी ठरवलं. सहा खून आणि खुनाचे दोन प्रयत्न. ज्यांची नावं मिळाली नाहीत, त्यांच्यासाठी खटला उभाच राहिला नाही.

माझा धाकटा मामा १९८६ साली कामासाठी मुंबईला गेला. दोन पत्रं आली, मग काही नाही. आजी एकदा पोलीस चौकीत जाऊन आली. तिथल्या हवालदारानं सांगितलं, “मोठा माणूस आहे आजी, येईल त्याचा तो.” तिनं पुन्हा विचारलं नाही. पण रेशनकार्डावरचं त्याचं नाव तिनं शेवटपर्यंत कमी करू दिलं नाही. घरात कुणी समजावायला गेलं की म्हणायची, “तुम्ही कोण काढणार? तो आल्यावर त्याला काय सांगू?” आम्ही मुलं तिला हसायचो.

मामाचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि त्याचा निल्सनशी काही संबंध जोडायचा नाही. पण दुसऱ्या भागात पोलीस हरवलेल्या माणसांच्या मागे लागतात तेव्हा मला ते कार्ड आठवलं होतं. आठवलं, आणि पुन्हा टेनंट पडद्यावर आल्यावर मी ते विसरलो.

मालिकेचं नावही त्याचंच आहे. ‘डेस’ म्हणजे निल्सननं स्वतःसाठी घेतलेलं नाव. मेलेल्यांची बाजू घेणारी मालिकाही त्याच्या नावानं ओळखली जाते, कारण तसं नसतं तर माझ्यासारखा माणूस पाहायला बसलाच नसता. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या रात्री मी कागद-पेन घेऊन मालिका पुन्हा लावली. केनेथ ओकेंडन. मार्टिन डफी. बिली सदरलँड. माल्कम बार्लो. जॉन हाउलेट. स्टीफन सिंक्लेअर. खटल्यातली सहा नावं लिहून झाली. त्याखाली बरीच जागा रिकामी राहिली. बायकोनं कागद पाहिला आणि न विचारता फ्रिजवर लावला.