आयटम नंबर नऊ

सई,

परवा रात्री फोनवर तुझा आवाज दमलेला वाटला. एकाच ए-वन शीटवर हेड शाफ्ट, टेल शाफ्ट आणि टेक-अप अशा तीन असेंब्ली आहेत, जागा पुरत नाही, म्हणून तिघींची मिळून एकच पार्ट लिस्ट करायला सीनियरनी सांगितलंय, असं तू म्हणालीस. "मामा, नग तेवढेच, मग यादी एक काय आणि तीन काय?" मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोललो. खरं उत्तर एका तापलेल्या बेअरिंगपासून सुरू होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ड्रॉइंग ऑफिसात लागून मला सहा-सात वर्षं झाली होती. एका साखर कारखान्यातल्या बॉयलरखालचा राखेचा चेन कन्व्हेअर माझ्याकडे आला. शाफ्टच्या दोन टोकांना बेअरिंग धरणारे दोन प्लमर ब्लॉक असतात, हे तुला माहीत आहेच. बाहेरून दोन्ही सारखे, आतून मात्र एक फिक्स्ड आणि एक फ्री. फिक्स्ड ब्लॉकमध्ये बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना एकेक लोकेटिंग रिंग बसते आणि बेअरिंग जागचं हलत नाही. फ्री ब्लॉकमध्ये रिंग नसते, म्हणून शाफ्ट तापून वाढला की बेअरिंग आतल्या आत सरकतं. दोन मीटरचा पोलादी शाफ्ट चौकटीपेक्षा 50 अंशांनी जास्त तापला, तर 1.2 मिलिमीटरने वाढतो. त्या वाढीला वाट मिळालीच पाहिजे.

हेड शाफ्टला दोन रिंगा, टेल शाफ्टला दोन. मी जागा वाचवायला दोन्ही याद्या एक केल्या. आयटम 9, लोकेटिंग रिंग, 4 नग. ड्रॉइंगवर आयटम नंबराचं वर्तुळ, म्हणजे बलून, एकच दिला. बेरीज अगदी बरोबर होती. साइटवर चार ब्लॉक होते आणि पिशवीत चार रिंगा. फिटरने प्रत्येक ब्लॉकमध्ये बाहेरच्या बाजूला एकेक घातली.

गाळप सुरू होऊन आठवडा झाला नसेल, हेड शाफ्टच्या बेअरिंगला हात लाववेना. कन्व्हेअर थांबला, राख साचली, बॉयलर बंद करावा लागला. मी पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, आणि ते शेतकऱ्याच्या पैशातून जातं. फ्री ब्लॉकचं वरचं टोपण उघडल्यावर आत रिंग दिसली. फिटर माझी प्रिंट घेऊन आला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, चार लिहिल्यात, चार घातल्या." त्याचं काहीही चुकलं नव्हतं. कोणत्या शाफ्टच्या कोणत्या टोकाला किती, हे माझ्या यादीने त्याला सांगितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, पार्ट लिस्ट शीटची नसते, असेंब्लीची असते. शीट एक असो की चार, प्रत्येक असेंब्लीला तिची स्वतःची यादी हवी आणि यादीच्या डोक्यावर तिचं नाव हवं. प्रत्येक व्ह्यूमधला बलून त्याच यादीशी जोडलेला हवा. सॉलिडवर्क्समध्ये व्ह्यूच्या प्रॉपर्टीमध्ये बलून कोणत्या टेबलला बांधायचा ते निवडता येतं. ते एकदा तपासून घे, कारण टेबल बदललं की बलूनचे आकडे निमूट बदलतात. जागा नसेल तर दुसरी शीट घे. कागद स्वस्त आहे गं.

एकच बोल्ट तिन्ही याद्यांत येईल, आणि तिन्हीकडे त्याचा आयटम नंबर वेगळा असेल. त्याने गोंधळू नकोस. आयटम नंबर हा त्या यादीपुरता पत्ता, पार्ट नंबर ही वस्तूची ओळख. ओळख सगळीकडे एकच राहिली पाहिजे. आमच्याकडे कोणी "हेक्स बोल्ट एम16 x 50" लिहायचं, कोणी "बोल्ट हेक्स. एम-16 x 50". माणसाला कळतं, कॉम्प्युटर त्यांना दोन वस्तू मानतो आणि स्टोअरमध्ये दोन खोकी उघडली जातात.

नगांचं आणखी एक. सब-असेंब्लीच्या यादीत नग नेहमी एका संचाचे लिही. चौदा रोलर स्टँड असतील, तर चौदाचा आकडा फक्त मुख्य असेंब्लीच्या यादीत, स्टँडच्या ओळीसमोर. तू यादीत आधीच चौदाने गुणलंस आणि परचेसवाल्याने पुन्हा गुणलं, तर काय होईल ते तूच बघ. परचेसला एकूण बेरीज लागते, हे खरंच. त्यांना त्याच मॉडेलमधून "पार्ट्स ओन्ली" यादी वेगळी काढून दे, पण ती फिटरच्या ड्रॉइंगवर चिकटवू नकोस. आणि ग्रीस, रंग, गॅस्केटचं सोल्यूशन यांसारखं जे मॉडेलमध्ये काढलेलं नसतं, ते हाताने यादीत घाल. साइटवर नेमकं तेच नसतं.

ड्रॉइंग रिलीज झाल्यावर नंबर पुन्हा ओळीने लावायचा मोह होईल. एखादा पार्ट गेला तर त्याचा नंबर रिकामा सोड. शॉपमध्ये जुनी प्रिंट अजून कुणाच्या तरी हातात असते. बोर्डावर काम करायचो तेव्हा यादी टायटल ब्लॉकच्या वरून सुरू करून खालून वर लिहायचो, आयएसओ 7573 च्या 1983 च्या आवृत्तीतही ड्रॉइंगवरच्या यादीला तोच क्रम दिला होता. नवा पार्ट आला की वर एक ओळ वाढायची, जुन्या ओळींना धक्का लागायचा नाही. मला ती पद्धत आजही फार शहाणपणाची वाटते.

सीनियरशी वाद घालू नकोस. त्यांना फक्त विचार, "सर, टेल शाफ्टच्या फ्री ब्लॉकमध्ये रिंग नाही, हे या एका यादीत मी कुठे दाखवू?" त्यांनी स्वतः ड्रॉइंग केलेली आहेत, थांबून बघतील.

मंगळवारी रिलीज आहे म्हणालीस. सोमवारी संध्याकाळी प्रिंट काढ आणि ज्याने हे ड्रॉइंग कधीच पाहिलेलं नाही, अशा कुणाला तरी शेजारी बसव. तू बलूनवर बोट ठेव, त्याला यादी मोठ्याने वाचू दे. बरोबर असेल त्यावर पिवळी खूण, चुकेल तिथे लाल. तिन्ही असेंब्ली स्वतंत्र तपासा, एक पुरी झाल्याशिवाय दुसरी हातात घेऊ नका. मग रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
मामा