पिवळा झेंडा

इंदूरहून मुंबईचा समुद्र जवळजवळ सहाशे किलोमीटर. तरी आमच्या घरात ‘बंदर’, ‘अँकर’, ‘साइन-ऑफ’ हे शब्द पोहे-जिलेबीइतके रोजचे, कारण आईचं माहेर वसईचं आणि माझा धाकटा मामा मालवाहू जहाजावर कुक आहे. तो सुट्टीवर आला की आम्ही वादळांचे किस्से मागतो आणि तो तपासणीचे सांगतो. “वादळ कधीतरी येतं गं,” तो म्हणतो, “तपासणीवाले नेहमीच येतात.”

परदेशातून आलेलं जहाज बंदरात शिरताना पिवळा झेंडा लावतं. मला वाटायचं, पिवळा म्हणजे रोगाची खूण. पूर्वी तसं होतंही. आज मात्र त्याचा अर्थ नेमका उलटा आहे : ‘माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येण्याची परवानगी द्या.’ कप्तान एक घोषणापत्र भरतो. प्रवासात अपघाताशिवाय कुणी दगावलं का? आत्ता कुणी आजारी आहे का? चोरून चढलेलं कुणी सापडलं का? शिवाय जहाजाच्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं, ते फक्त सहा महिने चालतं. त्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, कोठारं, खलाशांच्या खोल्या, कचरा, सांडपाणी असं सगळं बघतात. आणि मामाची गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. कच्चं मांस वेगळं ठेवलंय का, फ्रीज पुरेसा थंड आहे का, कुठे झुरळ दिसतं का. मामाला या तपासणीचा राग नाही, उलट अभिमान आहे. “माझ्या हातचं वीस-बावीस माणसं खातात. कुणीतरी बघायलाच पाहिजे ना!”

२००७पर्यंत या प्रमाणपत्राचा सगळा रोख उंदरांवर असायचा. आजही धक्क्याला बांधलेल्या जहाजाच्या दोरांवर गोल पत्रे दिसतात, ते उंदीर चढू नयेत म्हणून. या भीतीशी आपल्या मुंबईचा जवळचा संबंध आहे. सप्टेंबर १८९६मध्ये बंदराला लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच, १८९७मध्ये, मुंबईच्या प्लेगमुळे व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्याकडे साथरोगांचा कायदा आला आणि बंदरातली जहाजं तपासण्याचे, प्रवाशांना अडवून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते १८९८मध्ये. तोवर संशय सगळा माणसांवर. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरांत शिरून काय केलं, ते मी इथे सांगायला नको. हेतू रोग थांबवण्याचाच असेल, पण तपासणारे आणि तपासले जाणारे यांच्यात विश्वास उरला नाही. मग लोक आजारी माणसाला लपवू लागले.

प्लेग आपल्या इंदूरलाही आला होता. १९१७च्या दिवाळीत पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने इथे वेगळीच युक्ती केली. मिरवणूक कुठल्या रस्त्यांवरून जाणार, हे त्या रस्त्यांच्या स्वच्छतेवरून ठरवलं. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती. तपासणी इथेही होतीच की! पण कुणाचा अपमान न करता. आज स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या इंदूरकरांनी हे लक्षात ठेवायला हवं, असं मला वाटतं.

हे सगळं मी वाचायला लागले ते २०२०मुळे. मामाचं नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट चौदा महिन्यांवर गेलं. जहाजावर एकही माणूस आजारी नव्हता, कागद पूर्ण होते. तरी एका परदेशी बंदराने खलाशांना उतरू दिलं नाही. अँकर टाकून ते समोरचे शहराचे दिवे बघत राहिले. त्याच दिवसांत वसईला आजी गेली. मामाने अंत्यविधी फोनवर पाहिला, रेंज जाईल तसा तुटत तुटत. त्या वर्षाअखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी असेच अडकले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

‘क्वारंटीन’ हा शब्द व्हेनिसच्या बोलीतल्या ‘चाळीस दिवस’ या शब्दांवरून आला. आम्हा कॅथलिकांना चाळीस दिवस म्हणजे उपवासकाळ. तो कठीण असतो, पण संपतो. पुढे ईस्टर आहे हे माहीत असतं. मामाच्या थांबण्याला तारीखच नव्हती.

म्हणून मी तपासणीच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस वांद्र्याला आजही आहेत. तपासणी नसली तर काय होतं, ते त्यांच्याकडे बघून कळतं. पण तपासणीला दोन बाजू असाव्यात. बंदराने जहाजाला विचारावं, “तुमच्याकडून आम्हाला धोका नाही ना?” आणि उत्तर नीट मिळाल्यावर हेही विचारावं, “तुम्हाला काय हवंय?” आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही हे आहे. आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून सहसा अडवू नये आणि रोग असला तरी देखरेखीखाली पाणी, अन्न, इंधन घेऊ द्यावं, असं ते सांगतात.

मामाला मी विचारलं, त्या घोषणापत्रात तू एक प्रश्न वाढवायचा झाला तर कुठला? तो भांडी पुसत होता. म्हणाला, “शेवटचं घरी कधी गेला होतात? एवढंच.”