घुमटावरची प्रगती आणि आपली कणसरी

साखरशेत,
ता. जव्हार

प्रिय बाळ,


जे. जे.मध्ये शिल्पकलेला प्रवेश मिळाल्याचं तुझं पत्र पाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझी आजी तर दोनदा ऐकून गेली. आता तुझ्या या जुन्या मास्तरांचं एक काम कर. तुमच्या कॉलेजपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस चालत जाण्याइतकं जवळ आहे. एखाद्या रविवारी सकाळी तिथे जा, समोरच्या फुटपाथवर उभी राहा आणि मान वर करून नीट बघ.

मधल्या घुमटावर एक बाई उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. तिचं नाव प्रगती. खाली दर्शनी भिंतींच्या त्रिकोणी माथ्यांवर शेती, व्यापार आणि अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आहेत. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली. प्रगतीची मूर्ती इंग्लंडच्या थॉमस अर्प यांची. पण भिंतींवरच्या पानाफुलांत, पशुपक्ष्यांत तुझ्याच कॉलेजच्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. ते ओळखायला शीक. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी तुझ्यासारखीच पोरं तिथे छिन्नी चालवत होती.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीला माणसाचं रूप द्यायचं, हे काही आपल्याला नवं नाही. आपल्याकडे धान्य म्हणजे कणसरी देवी. वाघदेवाच्या खांबावर वाघाबरोबर चंद्र-सूर्य कोरतात, आणि वाघदेवाला विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकायला जुनी माणसं कचरतात. म्हणून त्या फाटकावरच्या वाघापुढे तू परकी नाहीस. फरक एवढाच, की आपल्या वाघदेवाला माणसं नवस बोलतात आणि स्टेशनवरच्या वाघाकडे लोकलच्या घाईत कुणी बघतही नाही.

शेतीच्या मूर्तीपाशी मात्र थांब. ती सुंदर आहे, हे मी मनापासून मान्य करतो. पण ज्या रेल्वे कंपनीने देशावरचा कापूस परदेशी धाडण्यासाठी बंदरात आणला, तिने आपल्या इमारतीवर बसवलेली ही शेती आहे. हिने कधी राब भाजला नाही. गुडघाभर चिखलात वाकून आवणी केली नाही. नागली आणि वरई संपल्यावर दिवाळीनंतर पोरांना पाठीशी बांधून ही भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली नाही. आणि तिच्या वर उभी असलेली प्रगती? आगगाडी अजून जव्हारला आलेली नाही. १९९२ साली आपल्या वावर-वांगणीत पोरं कुपोषणाने दगावली, तेव्हा ती मशाल घुमटावर शंभर वर्षांहून अधिक काळ उभी होती. दगडावर माझा राग नाही. ती मूर्ती घडवणाऱ्यावरही नाही. पण अशा मूर्तीत कष्ट दिसत नाहीत, हा तिचा उणेपणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तशीच पुढे विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरकडे जा. तिथे पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या २४ मूर्ती आहेत, रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाने घडवलेल्या. पागोटं कसं बांधलंय, लुगडं कसं नेसलंय, सगळं बघून केलेलं. तिथे दगडाला डोळे असलेल्या माणसाचा हात लागला आहे. स्टेशन आणि टॉवर, दोन्ही वहीत काढ. हात आणि पाय आधी काढ, चेहरे नंतर.

तुझं शिक्षण संपेल तेव्हा जव्हारमध्ये एखाद्या सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीवर शेतीची मूर्ती घडवायची वेळ तुझ्यावर येवो. ती आली तर दगड आपल्या डोंगरातला काळा घे, आणि मूर्तीसाठी तुझ्या आईला समोर बसव.

तुझे,
मास्तर