कठडा

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे मराठी विभागात लिहितेय म्हटल्यावर मैत्रिणींनी आधी पोटभर हसून घेतलं. पण हा विषय मला इंग्रजीत सुचलाच नसता. तो ज्या बायकांनी मला शिकवला, त्या सगळ्या मराठीतच बोलत होत्या.

२०२४ च्या पावसाळ्यात माझा दोन वर्षांचा भाचा डेंग्यूने ॲडमिट होता. रात्री मुलाजवळ एकाच बाईला थांबता येई. ताईला जरा झोप मिळावी म्हणून तीन रात्री मी थांबले. सिस्टरचं वाक्य ठरलेलं, "कठडा वर ठेवा हं." आणि अर्ध्या तासाने बघावं, तर कुठल्या ना कुठल्या कॉटचा कठडा खाली!

तुम्ही म्हणाल, निष्काळजीपणा. पण विचारलं की प्रत्येकीकडे कारण असायचं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कठडा लावला की हा पिंजऱ्यात कोंडल्यासारखा रडतो, सलाईनचा हात ओढतो. सुई निघाली तर परत टोचणार." खेड्यातून आलेली एक आई म्हणाली, "घरी आम्ही खालीच झोपतो. पोर पडंल कुठं?" एका आजींचं मत एकदम पक्कं होतं, "आई जवळ आहे ना, मग कसं पडेल?"

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. कॉटची उंची साधारण ८० सेंटिमीटर धरा. खाली पोहोचायला लागतात ०.४ सेकंद आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी १४ किलोमीटर. माणसाला नुसतं काही दिसून हात हलवायलाच ०.२ सेकंद जातात, तेही तो टक्क जागा असेल तर. म्हणजे आई जवळ असूनही मूल पडू शकतं. त्यात डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात, डोक्याला मार लागला तर रक्तस्रावाची भीती जास्त.

दुसऱ्या रात्री तेच झालं. समोरच्या कॉटवरचा मुलगा आई डबा उघडत असताना खाली पडला. नशिबाने टेंगळावर निभावलं. पण त्या बाईने सिस्टरला सांगायला दहा मिनिटं लावली. मुलाला छातीशी घट्ट धरून नुसती बसून राहिली. नंतर फोनवर नवऱ्याचा पहिला प्रश्न आला, "तू काय करत होतीस?" बाई तीन रात्री झोपली नव्हती! मला पडण्यापेक्षा त्या दहा मिनिटांची जास्त भीती वाटली. बोल लागेल या धाकाने आई गप्प बसली, तर डॉक्टरांना कळणार कसं?

घरी आल्यावर मी याविषयी वाचलं. मुलांच्या पडण्याचा धोका मोजायला मायामीच्या एका हॉस्पिटलने 'हम्प्टी डम्प्टी' नावाची मोजपट्टी केली, ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सात मुद्दे आहेत. वय तीनच्या आत असेल तर ४ गुण, मुलगा असेल तर मुलीपेक्षा एक जास्त, शिवाय आजार, औषधं वगैरे. बेरीज १२ किंवा वर गेली की धोका जास्त. मोजपट्टी उपयोगी आहे, पण आईच्या झोपेला तिच्यात रकाना नाही.

वॉर्डातल्या आयांचं मागणं मात्र साधं होतं. ॲडमिट करतानाच कठडा कसा लावायचा ते मराठीत, हाताने करून दाखवा. आणि बाथरूमला जायचं तर पाच मिनिटं पोराजवळ कुणीतरी थांबा. तिसऱ्या रात्री त्यांनी आपापसात पाळ्या लावल्या. एक उठली की शेजारची कठड्यापाशी उभी राहायची. पैसा खर्च नाही, फॉर्म नाही.

वर्कशॉपमध्ये आम्हाला शिकवतात, मशीनचं गार्ड कामात अडथळा आणत असेल तर कामगार ते काढून ठेवतोच. तेव्हा आधी गार्डचं डिझाइन तपासावं, मग कामगाराला बोलावं. कठड्याचंही तसंच आहे. आपल्यापैकी कुणी उद्या हॉस्पिटलची कॉट डिझाइन करणार असेल, तर त्याने आधी एक रात्र अशा वॉर्डात बसावं आणि आयांना विचारावं. त्या सांगतात, फक्त "तू काय करत होतीस?" असं विचारू नये.